पॅकेज किती, हातात किती: वर्धा जिल्ह्यातल्या तंत्रज्ञान नोकऱ्यांच्या पगाराचा हिशेब

संगणकशास्त्राची किंवा माहिती तंत्रज्ञानाची पदवी घेऊन वर्धा जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला पहिल्या नोकरीत किती पगाराची अपेक्षा धरता येते, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. वर्धा शहरातच काम धरले तर साधारणपणे महिन्याला ८ ते १५ हजार रुपये मिळतात. नागपुरातल्या लहान कंपनीत १२ ते २० हजार, तर मोठ्या कंपनीच्या कॅम्पस भरतीतून गेलेल्याच्या हातात २२ ते २८ हजार पडतात. तिघांची गुणपत्रिका सारखी असू शकते, शिकवणारे प्राध्यापकही तेच असू शकतात. तरीही पगारात तिपटीचा फरक पडतो, कारण पगार ठरवणाऱ्या गोष्टींत कौशल्याचा क्रमांक दुसरा आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्या कामाचे पैसे शेवटी कोणता ग्राहक देतो, आणि तेच कौशल्य विकत घ्यायला आसपास आणखी किती जण तयार आहेत.

वर्ध्यापुरते बोलायचे तर तांत्रिक शिक्षणाची सोय जिल्ह्यात चांगली आहे. सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. जमनालाल बजाज यांनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या शिक्षा मंडळाने २०१७ मध्ये पिपरीला बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू केले. त्याच मंडळाचे तंत्रनिकेतन आणि विज्ञान महाविद्यालयही वर्ध्यात आहे. सावंगीच्या अभिमत विद्यापीठातही आता अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. म्हणजे पदवीधर घडवणाऱ्या संस्था जिल्ह्यात आहेत, पण त्यांना कामावर घेणारी सॉफ्टवेअर कंपनी म्हणावी अशी मोठी आस्थापना नाही. २०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या १ लाख ६ हजारांच्या आसपास होती आणि जिल्ह्याची १३ लाख. एवढ्या बाजारपेठेत तंत्रज्ञानाचे काम निघते ते दुकाने, शाळा, दवाखाने, पतसंस्था आणि सरकारी कचेऱ्यांमधून.

या बाजारपेठेचे गणित मांडले की स्थानिक पगार कमी का, हे लगेच कळते. समजा, वर्ध्यात तिघांना कामाला ठेवून वेबसाइट बनवून देणारे एक छोटे कार्यालय आहे. तिघांना १५ हजारांप्रमाणे ४५ हजार द्यायचे, जागेचे भाडे, वीज, इंटरनेट आणि इतर खर्चाला आणखी १५ हजार धरायचे. मालकाने स्वतःसाठी एक रुपयाही न ठेवता दरमहा ६० हजार उभे करायचे आहेत. शहरातली शाळा किंवा कापड दुकान वेबसाइटसाठी १० ते २० हजारांच्या वर सहसा जात नाही. म्हणजे दर महिन्याला, न चुकता, चार नवे ग्राहक हवेत. असे कार्यालय चालवणारा माणूस कंजूष असतो म्हणून पगार कमी देत नाही. त्याच्या ग्राहकाची ऐपतच तेवढी असते.

जिल्ह्यातल्या बाकीच्या तांत्रिक कामांचेही तसेच आहे. टॅली आणि जीएसटीची विवरणपत्रे भरणारे ऑपरेटर, सीसीटीव्ही आणि ब्रॉडबँड जोडणारे तंत्रज्ञ, संगणक दुरुस्ती करणारे, एमएस-सीआयटी केंद्रावर शिकवणारे यांचे उत्पन्न सुरुवातीला ८ ते १५ हजारांच्या पट्ट्यात राहते. सावंगी आणि सेवाग्रामच्या मोठ्या रुग्णालयांत रुग्णांच्या नोंदींच्या प्रणाली आणि नेटवर्क सांभाळायला माणसे लागतात. तिथे पगार फार वरचा नसला तरी कामाला शिस्त असते आणि अनुभव पुढे उपयोगी पडतो. ग्रामपंचायतींमधल्या आपले सरकार सेवा केंद्रांच्या संगणक परिचालकांची स्थिती मात्र फार बिकट राहिली. गावचे दाखले, नोंदी आणि योजनांचे अर्ज यांचा सगळा भार त्यांच्यावर, पण मानधन अनेक वर्षे महिना ७ हजारांच्या आतच होते. त्यासाठी त्यांना वारंवार आंदोलने करावी लागली. राज्याचा डिजिटल कारभार ज्या हातांवर उभा आहे त्यांना किमान सन्मानाने जगता येईल एवढे मिळायला हवे, ही मागणी रास्तच होती.

कारखान्यांकडे तुलनेने कमी लोकांचे लक्ष जाते. हिंगणघाटच्या कापड गिरण्या, भूगावचा पोलाद कारखाना, आणि नागपूरच्या वाटेवरची बुटीबोरी औद्योगिक वसाहत इथे पीएलसी, सेन्सर, यंत्रांचे स्वयंचलन, ईआरपी अशा कामांना माणसे लागतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा पदविकाधारक इथे १५ ते २५ हजारांवर सुरुवात करू शकतो. पाळीची नोकरी, उष्णता आणि आवाज यांमुळे पदवीधर मुले तिकडे सहसा वळत नाहीत. पण यंत्र बंद पडले की दर तासाला कारखान्याचे नुकसान होते, त्यामुळे ते चालू करणाऱ्या माणसाची किंमत तिथे चटकन कळते आणि अनुभवी माणसाचा पगारही त्या मानाने वाढतो.

नागपूर ७५ किलोमीटरवर आहे, आणि तिथे ग्राहक बदलतो. मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा, हेक्सावेअर यांची केंद्रे आहेत. शहरात पर्सिस्टंट आणि ग्लोबललॉजिक यांची कार्यालये आहेत. मिहान नागपूरच्या वर्धा रोडवरच असल्याने वर्ध्याहून जाणाऱ्याला ते शहराच्या अलीकडे लागते, आणि खापरीपासून मेट्रोही मिळते. त्यामुळे घरी राहून अपडाऊन करणारे काही जण आहेत. रोज दोन-अडीच तास प्रवासात जातात, पण खोलीभाडे आणि मेस यांचा खर्च वाचतो.

या कंपन्यांचा ग्राहक अमेरिकेत किंवा युरोपात असतो. भारतात बसून काम करणाऱ्या अभियंत्यामागे त्या ग्राहकाकडून साधारण तासाला २० ते ३० डॉलर आकारले जातात. २५ डॉलर आणि महिन्याचे १६० तास धरले तर महिन्याचे बिल ४ हजार डॉलर होते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ३ लाख ४० हजार रुपये. नव्या मुलाचे वर्षाचे पॅकेजही साधारण तेवढेच असते. हे पाहून कंपनी लुटते असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र नव्या मुलाचे बिल पहिल्या दिवसापासून लागत नाही. काही महिने प्रशिक्षण, मग काही काळ बेंचवर, म्हणजे प्रकल्प मिळण्याची वाट पाहत, शिवाय वरिष्ठांचे पगार, विक्री, इमारत हे सगळे त्याच बिलातून निघते. तरीही फरक मोठा आहे, आणि तो टिकतो याचे कारण पुरवठ्यात आहे. एका जागेसाठी शेकडो अर्ज येत असतील तर सुरुवातीचा आकडा वाढवण्याची कंपनीला गरज पडत नाही.

हा आकडा खरोखरच फारसा वाढलेला नाही. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्यांना २०१० च्या सुमारास वर्षाला ३ ते ३.२५ लाख मिळत. आज टीसीएसचे सर्वसाधारण पॅकेज ३.३६ लाखांच्या आसपास, विप्रोचे साडेतीन, इन्फोसिसचे ३.६ लाख आहे. या काळात महागाई मात्र थांबली नाही. २०१२ ला १०० धरणारा किरकोळ किमतींचा निर्देशांक २०२४-२५ मध्ये १९० च्या वर गेला. म्हणजे २०१२ च्या सव्वातीन लाखांत जेवढे घेता येत होते, तेवढ्यासाठी आज सहा लाखांच्या वर हवेत. आयटीत गेलेल्या थोरल्या भावाने दोन-तीन वर्षांत घर बांधले, मग धाकट्याला का जमू नये, असा प्रश्न घरोघरी निघतो. त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. धाकट्याची मेहनत कमी पडते, असा त्याचा अर्थ होत नाही.

याच कंपन्यांत वरच्या पायऱ्याही आहेत. टीसीएसच्या डिजिटल श्रेणीत ७ लाखांच्या आसपास आणि प्राइम श्रेणीत ९ लाखांच्या पुढे मिळतात. फरक पडतो तो प्रवेश परीक्षेतल्या कोडिंगच्या प्रश्नांवर. अर्जदार वर्ध्याचा आहे की पुण्याचा, हे तिथे पाहिले जात नाही. तिसऱ्या वर्षापासून अल्गोरिदम आणि डेटा स्ट्रक्चरचा नेटाने सराव केलेल्या विद्यार्थ्याला पगार दुप्पट करण्याची सगळ्यात कमी खर्चाची संधी हीच आहे.

महाविद्यालयांच्या जाहिरातींतले आकडे वाचताना सावध राहावे लागते. एका वर्गात ६० विद्यार्थी आहेत असे धरू. त्यांतल्या ४० जणांना नोकरी लागली: एकाला १८ लाख, चौघांना ७ लाख, ३५ जणांना साडेतीन लाख. जाहिरातीत 'सर्वोच्च पॅकेज १८ लाख, सरासरी ४.२ लाख' असे छापले जाईल, आणि दोन्ही आकडे खरे असतील. पण रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाला साडेतीन लाखच मिळाले, आणि ज्या वीस जणांना काहीच मिळाले नाही ते सरासरीत धरलेलेच नाहीत. प्रवेश घेताना सर्वोच्च पॅकेजपेक्षा मधल्या विद्यार्थ्याचे पॅकेज आणि नोकरी न लागलेल्यांची संख्या विचारणे अधिक उपयोगाचे.

पॅकेज म्हणजे सीटीसी, अर्थात कंपनीला तो कर्मचारी वर्षाला कितीला पडतो तो आकडा. हातात येणारा पगार त्याहून बराच कमी असतो. ३.६ लाखांचे उदाहरण घेऊ. महिन्याचे ३० हजार. त्यातले सुमारे २ हजार व्हेरिएबल म्हणून बाजूला काढलेले असतात. ते वर्षाअखेर किंवा तिमाहीला, कामगिरी आणि कंपनीचा नफा पाहून मिळतात. मूळ वेतन १५ हजार असेल तर ग्रॅच्युइटीची तरतूद त्याच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२० रुपये. भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा १२ टक्क्यांनी १,८०० रुपये. आरोग्य विम्याचे ५०० धरू. उरले सुमारे २५ हजार. त्यातून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये जातात. हातात येतात साधारण २३ हजार. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून व्यवसाय कर नाही, त्यामुळे मुलीच्या बाबतीत ते २०० रुपयेही वाचतात. आयकराची चिंता या टप्प्यावर करायची नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदारांना १२.७५ लाखांपर्यंत कर भरावा लागत नाही.

कापले गेलेले सगळे पैसे वाया जात नाहीत. पीएफचे दोन्ही वाटे कर्मचाऱ्याचेच, त्यांतला काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो. म्हणून नोकरी बदलताना ती रक्कम काढून खर्च करण्यापेक्षा नव्या खात्याकडे वळवणे हिताचे. ग्रॅच्युइटी मात्र कायम कर्मचाऱ्याला सामान्यतः पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या पॅकेजमध्ये ती लिहिलेली असली तरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. छोट्या कंपनीत पगार २१ हजारांच्या आत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजना लागू होऊ शकते. त्यात कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के असतो आणि उपचारांचा लाभ घरच्यांनाही मिळतो. तोंडी ठरलेल्या १८ हजारांपेक्षा पीएफ आणि विम्यासह कागदावर दिलेले १६ हजार अनेकदा बरे ठरतात.

हातातल्या २३ हजारांची किंमत गावागणिक बदलते. हा फरक किती, याचे एक माप सरकारनेच ठरवून दिले आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. पुणे आणि मुंबई पहिल्या वर्गात, नागपूर दुसऱ्या, वर्धा तिसऱ्या. महागाई भत्ता ५० टक्के झाल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. ३५,४०० रुपये मूळ वेतनाच्या कर्मचाऱ्याला पुण्यात १०,६२०, नागपुरात ७,०८० आणि वर्ध्यात ३,५४० रुपये घरभाडे मिळते. म्हणजे सरकारी हिशेबानेसुद्धा पुण्यातले राहणे वर्ध्यापेक्षा महिन्याला सात हजारांनी महाग आहे.

खासगी नोकरीत हा फरक भरून देणारे कोणी नसते. मोठ्या सेवा कंपनीत पॅकेज सहसा सगळ्या शहरांत एकच असते. मग पुण्यात हिंजवडीजवळ दोघा-तिघांत पीजीची खोली ९ हजार, जेवण ५ हजार, ये-जा अडीच हजार, मोबाइल-कपडे-किरकोळ खर्च दोन हजार आणि दिवाळी-उन्हाळ्यात गावी येण्याचे महिन्याकाठी हजार धरले, तर २३ हजारांतून साडेतीन हजार उरतात. नागपुरात खोलीचे चार हजार, मेसचे साडेतीन, ये-जा आणि किरकोळचे चार हजार धरले तर साडेअकरा हजार उरतात. वर्ध्यात घरी राहून १४ हजार मिळवणाऱ्याने घरात पाच हजार दिले आणि तीन हजार स्वतःवर खर्च केले तरी सहा हजार उरतात. पहिल्या वर्षाच्या शिलकीत वर्ध्याचा मुलगा पुण्याच्या मुलाच्या पुढे असतो, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही.

शैक्षणिक कर्ज असेल तर हा हिशेब आणखी महत्त्वाचा होतो. ३ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ५ हजारांचा पडतो. पुण्याच्या साडेतीन हजारांच्या शिलकीत तो बसत नाही, आणि ज्या घरी कापूस-सोयाबीनच्या भावावर वर्ष अवलंबून असते तिथून मदत मागणे अवघड असते. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. त्यामुळे यापुढच्या पदवीधर मुलींपैकी अनेक जणी कर्जाविना नोकरीला लागतील, आणि कर्ज नसले की पहिली नोकरी निवडायला मोकळीक राहते.

पहिल्या वर्षाची शिलक मात्र पुढची दिशा सांगत नाही. त्यासाठी चौथ्या वर्षाचा पगार पाहावा लागतो. मोठ्या सेवा कंपनीत वार्षिक वाढ ७ टक्के धरली तर ३.६ लाखांचे तीन वर्षांनी ४.४ लाख होतात. तिथून नोकरी बदलली, म्हणजे आयटीच्या भाषेत 'स्विच' केला, तर ३०-४० टक्के वाढ अवास्तव नाही. म्हणजे चौथ्या वर्षी सहा लाख. पुणे किंवा बंगळुरूत मागणी असलेल्या तंत्रावर, उदाहरणार्थ क्लाउड किंवा डेटा इंजिनिअरिंगवर, प्रत्यक्ष काम केलेले असेल तर आठ लाखांपर्यंतही पोहोचता येते. नागपुरात पाच ते सात. वर्ध्यातल्या छोट्या कार्यालयात तोच मुलगा २० हजारांच्या आसपास असेल, कारण तिथे पर्यायी नोकरी देणारा दुसरा कोणी नाही. मोठ्या शहरातला माणूस राजीनामा देऊन दुसरीकडे जाऊ शकतो, आणि तो जाऊ शकतो हे मालकाला ठाऊक असते. पुण्यात जास्त भाडे देऊन मिळते ते हेच. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे बाहेर काढून मग नागपूरला परतणे, हा वर्ध्याच्या अनेक तरुणांनी धरलेला रस्ता हिशेबाला पक्का उतरतो. जोखीमही सोबत येते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्याची झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला होती. ज्यांचे पगार वाढलेले असतात, त्यांनाच अशा वेळी आधी धोका असतो.

सरकारी तांत्रिक नोकऱ्यांत जागा थोड्या असतात, पण पगाराची पातळी वेगळी असते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात, म्हणजे एनआयसीत, सायंटिफिक असिस्टंटचे मूळ वेतन ३५,४०० आणि सायंटिस्ट-बीचे ५६,१०० पासून सुरू होते. सार्वजनिक बँकांतला आयटी अधिकारी ४८,४८० च्या मूळ वेतनावर लागतो आणि भत्त्यांसह ७० हजारांच्या पुढे जातो. कॅम्पसमधून मिळणाऱ्या पगाराच्या हे तिप्पट आहे. स्पर्धा देशभरातून असते, म्हणून नोकरी करता करता तयारी करणे, किंवा तयारीच्या वर्षांना मर्यादा घालून घेणे, कुटुंबाला परवडते.

घरी बसून दूरच्या कंपनीचे काम करणे कोविडनंतर शक्य झाले, पण नवख्यांसाठी त्या जागा कमी आहेत. मोठ्या कंपन्यांनी बहुतेकांना कार्यालयात परत बोलावले आहे. तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर मात्र आर्वी किंवा देवळीत बसूनही बंगळुरूचा पगार घेता येतो. वर्ध्यात राहून उत्पन्न वाढवण्याची खरी वाट तीच, कारण राहणे वर्ध्याचे असते आणि ग्राहक बाहेरचा. फ्रीलान्स काम करणाऱ्याने मात्र आपले १ लाख हे नोकरदाराचे १ लाख समजू नयेत. पीएफ नाही, विमा नाही, भरपगारी रजा नाही, काम नसलेले महिने असतात. त्याचे १ लाख साधारण ७० हजारांच्या नोकरीएवढे धरावेत. करात थोडी सवलत आहे: माहिती तंत्रज्ञानाच्या व्यावसायिकाला अनुमानित पद्धतीने एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून विवरण भरता येते.

पूर्णवेळ नोकरी लागेपर्यंतच्या काळासाठी दोन मार्ग आहेत. शिकाऊ उमेदवारीत २०१९ च्या नियमांनुसार पदवीधराला किमान ९ हजार आणि पदविकाधारकाला ८ हजार विद्यावेतन ठरले. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १० हजार मिळतात. हे पैसे पगार म्हणून धरायचे नाहीत. त्या काळात प्रत्यक्ष काय काम हाताखालून गेले, याला जास्त किंमत आहे.

याच मधल्या काळात फसवणूकही होते. नोकरीची हमी देणारे लाखभराचे कोर्स, 'रजिस्ट्रेशन'चे पाच हजार, लॅपटॉपची अनामत, बॅकडोअर भरतीचे दीड-दोन लाख अशा मागण्या निकालानंतरच्या महिन्यांत वाढतात. खरी कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि याला अपवाद नाही. बाँडचे प्रकरण निराळे असते. प्रशिक्षणावर झालेला खर्च वसूल करण्यासाठी वर्ष-दोन वर्षांचा करार कंपन्या करतात, पण मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र स्वतःकडे अडकवून ठेवण्याची अट कोणी घातली तर ती मान्य करू नये.

ऑफर लेटर हाती आल्यावर त्यात पाच बाबी शोधायच्या: महिन्याचा निश्चित पगार किती, व्हेरिएबल किती टक्के, बाँडची रक्कम आणि मुदत, नोटीस पीरियड ३० दिवसांचा की ९० दिवसांचा, आणि रुजू होण्याची तारीख. ९० दिवसांच्या नोटिशीमुळे पुढची नोकरी मिळवणे अवघड जाते, कारण नवी कंपनी तीन महिने थांबायला तयार होतेच असे नाही. शेवटची बाब २०२२ नंतरच्या तुकड्यांनी फार सोसली. पत्र मिळूनही हजारो नवपदवीधर वर्ष-दोन वर्षे बोलावण्याची वाट पाहत राहिले. पत्रावर तारीख नसेल तर ती मिळेपर्यंत दुसऱ्या मुलाखती चालू ठेवाव्यात आणि हातातले काम सोडू नये.